दोरी वाकडी दिसली तेव्हा: लांबवर उजवीकडे जाणाऱ्या छऱ्यांचं एक प्रकरण

पुतणीची तक्रार एका वाक्याची होती. "काका, जवळ बरोबर लागायलंय, लांब गेलं की उजवीकडंच जायलंय." एवढ्यावरून निदान होत नाही, पण या वाक्यात निम्मं निदान होतं. ते मला चार दिवसांनी कळलं. छऱ्याच्या बंदुकीवर दुर्बीण बसवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हा त्रास होतो. त्यातले बहुतेक जण स्वतःच्या हाताला किंवा बंदुकीला दोष देत राहतात, म्हणून सगळं मापांसकट लिहून काढतोय.

आमचं शेत अंबाजोगाईजवळ आहे. विहीर खोदली तेव्हाचा मुरूम एका कडेला पडून होता. तो रचून दीड पुरुष उंचीचा ढीग केला आणि त्याच्यासमोर बांधालगत १०, २५, ४० आणि ५० मीटरवर खुंट ठोकले. ढिगामागे आमचंच रान आहे, त्यात ना वाट ना वस्ती. मारायचं ते फक्त कागदावर, पाखरांवर नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून आमच्या भागातली पोरंपोरीही नेमबाजीचं विचारू लागली. पुतणी त्यातलीच. त्या स्पर्धांत दुर्बीण चालत नाही, तिथे बारीक भोकाची पीप साइट असते. पण घरी होती ती बंदूक दुर्बिणीची, आणि शिकायची सुरुवात तिच्यावरच झाली.

बंदूक साधी, नळी मोडून भरायची स्प्रिंगची, ४.५ मिमीची. छर्रा ८.४ ग्रेनचा, म्हणजे साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला २०० मीटरच्या आसपास. दुर्बीण ४ ते १२ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४० मिमी, आत मिल-डॉटची फुली. म्हणजे मध्यापासून खाली चार ठिपके आणि पाचव्या ठिपक्याच्या जागी जाड खांब सुरू होतो. दुर्बिणीचा मध्य नळीच्या मध्यापासून ५० मिमी वर. नेम २५ मीटरला बसवलेला, म्हणजे त्या अंतरावर फुलीचा मध्य जिथे धरला तिथेच छर्रा लागतो.

२५ मीटरला बसवलेली ही बंदूक ५० मीटरला मधल्या फुलीने मारली तर छर्रा जवळजवळ २१-२२ सेंटीमीटर खाली जातो. हलका आणि हळू छर्रा, त्याला पर्याय नाही. म्हणून ५० मीटरला नेम मधल्या फुलीने न धरता खालच्या ठिपक्याने धरायचा. दोन ठिपक्यांतलं अंतर एक मिल, आणि एक मिल म्हणजे ५० मीटरला ५ सेंटीमीटर, तेव्हा साधारण ४.३ मिल, चौथ्या ठिपक्याच्या जरा खाली. पुतणीने हे स्वतः मारून मारून शोधलं होतं. वर-खाली तिचं बरोबर लागत होतं. चूक फक्त उजवीकडे होती.

माझ्याकडे यायच्या आधी काय काय झालं

पहिला आरोप वाऱ्यावर. जानेवारीचे दिवस, तूर निघालेली, रान मोकळं. दुपारी वारा सुटतोच, म्हणून पोरीने सकाळी साडेसातला मारायला सुरुवात केली. काडीला बांधलेला लोकरीचा धागा सरळ लोंबत होता, तरी छर्रे उजवीकडेच. दुसरा आरोप छऱ्यांवर, म्हणून डबा बदलला. तिसरा आरोप तिच्या बोटावर. तिचा दादा म्हणाला, "ट्रिगर वढायलीस तू, हळू दाब." ती आठवडाभर बोटाची सवय बदलत बसली. मला सगळ्यात वाईट याचं वाटतं. शिकणाऱ्या माणसाला चुकीची चूक दाखवली की तो बरोबर असलेली गोष्ट मोडून टाकतो.

मग दादाने दुर्बिणीवरची, नेम डावीकडे-उजवीकडे सरकवणारी घुंडी फिरवली. या घुंडीचा एक क्लिक म्हणजे कोनाचं पाव मिनिट (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट), ५० मीटरला सुमारे ३.६ मिमी. त्याने सहा क्लिक डावीकडे नेले आणि ५० मीटरला छर्रे मधोमध आले. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी २५ मीटरला मारलं तर छर्रे ११ मिमी डावीकडे, १० मीटरला ४ मिमी डावीकडे. घुंडी परत फिरवली की ५० मीटर बिघडायचं. शेवटी ठरलं की दुर्बीणच खराब आहे, नवी घ्यायची. तेव्हा हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं.

डावी-उजवी चूक अंतराबरोबर वाढत असेल आणि घुंडीने एका ठिकाणची चूक काढली की दुसरीकडे उगवत असेल, तर घुंडीला हात लावणं थांबवायचं. घुंडी सगळा नेम एका कोनात सरकवते. तिने काढलेली चूक सगळ्या अंतरांवर त्याच कोनात निघते. इथली चूक तशी नव्हती. मी आधी ते सहा क्लिक होते तिथे आणून ठेवले.

एकच प्रश्न दोन पद्धतींनी विचारला

जुन्या फ्लेक्सची पांढरी बाजू घेतली, दोन हात लांबीचा तुकडा कापला आणि ५० मीटरच्या खुंटावर ताणला. त्यावर वरून खाली एक रेघ मारायची होती, तीही काटेकोर उभी. शेजारी बांधकाम चालू होतं. तिथल्या मिस्त्रींकडून ओळंबा आणि लाईनदोरी मागून आणली, दोरी फ्लेक्सवर सोडली आणि तिच्याबरोबर पेन्सिल चालवली. वरच्या टोकाला रुपयाएवढा काळा ठिपका काढला.

पहिल्या फेरीत पुतणीला सांगितलं, मधल्या फुलीनेच ठिपका धर, छर्रा खाली जाऊ दे. वीस छर्रे. दुसऱ्या फेरीत नेहमीसारखं, खालच्या ठिपक्याने. पुन्हा वीस. वीस एवढ्यासाठी की आमच्या या बंदुकीचा ५० मीटरचा ग्रुप, म्हणजे छऱ्यांचा पसारा, ३५ मिमीचा असतो, आणि पाच छऱ्यांची सरासरी काढून ठरवलं तर आपण स्वतःचीच फसवणूक करतो.

मधल्या फुलीने मारलेले वीस छर्रे पेन्सिलच्या रेघेवर बसले, ठिपक्यापासून साडेएकवीस सेंटीमीटर खाली. सरासरी दोन मिमी डावीकडे, म्हणजे काहीच नाही. खालच्या ठिपक्याने मारलेले वीस उंचीला बरोबर आले, पण सरासरी २२ मिमी उजवीकडे.

या दोन आकड्यांत वारा, बोट, छर्रे, नळी सगळे सुटले. वारा दोन्ही फेऱ्यांत सारखाच असतो. ट्रिगर ओढणारं बोटही दोन्हीकडे ओढेल. नळी वाकडी असती तर मधल्या फुलीनेही छर्रे बाजूला गेले असते. दोन फेऱ्यांत फरक एकच होता: पहिलीत फुलीचा मध्य वापरला, दुसरीत फुलीची खालची तार. म्हणजे चूक त्या तारेत होती. पृथ्वी छर्रा सरळ खाली ओढते. तार सरळ खाली जात नसेल, तर तारेवरचा चौथा ठिपका छऱ्याच्या वाटेवर येतच नाही.

दादा म्हणाला, "पण मी मोबाइल ठेवून लेव्हल बघितलीय." बघितली होती, खरंच होतं ते. घुंडीच्या टोपणावर मोबाइल ठेवून. पुढे कळलं की स्क्रू आवळायच्या आधी.

ओळंबा

२५ मीटरच्या खुंटाजवळ आमचं लिंबाचं झाड आहे. त्याच्या फांदीला लाईनदोरी बांधली. हलक्या झुळुकीनेही ओळंबा झुलत होता, म्हणून खाली पाण्याची बादली ठेवली आणि ओळंबा पाण्यात बुडवला. पाण्याने झोका मारला जातो, दोरी मिनिटभरात स्थिर होते. मिस्त्री लोक हे वाऱ्याच्या दिवशी करतातच.

पुतणी बाजेमागे बसली. पुढे ज्वारी भरलेल्या दोन पिशव्या, बंदूक रिकामी, उघडून मला दाखवलेली. तिला म्हटलं, बंदूक खांद्याला लाव, गाल टेकव, डोळे मीट. दोन श्वास घे. हाताला आणि खांद्याला जशी सोईची वाटते तशी राहू दे. आता डोळे उघड आणि फुलीचा मध्य दोरीवर आण.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, दोरी वाकडी लटकलीय का?"

या एका प्रश्नासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं म्हटलं तरी चालेल. गोल ठिपका, मातीचा ढीग, गवत यांच्यात कुठेच उभी रेघ नसते. डोळ्याला दुर्बिणीतली फुली हीच सरळ वाटू लागते आणि महिनोन्महिने तिच्यावर विश्वास बसतो. समोर दोरी आली तेव्हा डोळ्याने दोरीलाच दोषी ठरवलं. पण शिसं लटकवलेली दोरी बिचारी खोटं बोलू शकत नाही.

तिला विचारलं, मध्य दोरीवर ठेव आणि खाली जाड खांबाच्या टोकाशी दोरी कुठे आहे ते सांग. "खांबाच्या उजव्या अंगाला. दोन ठिपक्यांत जेवढं अंतर आहे त्याच्या निम्म्यानं." म्हणजे तार पाच घरं खाली जाताना अर्धं घर डावीकडे सरकत होती. पाचाला अर्धा म्हणजे दहाला एक. कोन काढला तर पावणेसहा अंशांच्या आसपास येतो, पण कोनाची गरजच नाही. दहाला एक एवढं पुरे. ५० मीटरला छर्रा २१६ मिमी खाली जातो, त्याचा दहावा हिस्सा २२ मिमी. फ्लेक्सवर मोजलेलं २२ मिमीच होतं. ४० मीटरला छर्रा ९ सेंटीमीटर खाली जातो, तिथे ९ मिमी. १० मीटरला फक्त ७-८ मिमी खाली जातो, म्हणजे चूक एक मिमीच्या आत. "जवळ बरोबर, लांब उजवीकडे" याचा अर्थ एवढाच होता.

दिशाही पटते का ते बघावं लागतं. तारेचं खालचं टोक डावीकडे. ते टोक ठिपक्यावर आणलं की फुलीचा मध्य ठिपक्याच्या वर आणि उजवीकडे जातो. छर्रा त्या मध्यापासून सरळ खाली पडतो, म्हणून ठिपक्याच्या उजवीकडे. पटलं. दुर्बिणीतले ठिपके फक्त एका ठराविक मोठेपणाला खरे मिल दाखवतात, अशा दुर्बिणी पुष्कळ आहेत. पण या चाचणीत आपण घरांची एकमेकांशी तुलना करतो, त्यामुळे मोठेपणा कितीही असला तरी उत्तर तेच येतं.

तार वळली कशी

दुर्बीण धरणाऱ्या कड्यांच्या वरच्या कमानींना प्रत्येकी चार स्क्रू होते. उजव्या बाजूला कमान आणि बैठक एकमेकांना टेकली होती, डाव्या बाजूला दीड मिमीची फट. म्हणजे बसवताना उजवीकडचे स्क्रू आधी पूर्ण आवळले आणि डावीकडचे मागाहून. कमान उजवीकडून खाली दबते तेव्हा आतली दुर्बिणीची नळी धरून फिरवते. लेव्हल आधी पाहिली होती, नळी नंतर फिरली. पुन्हा पाहिली कोणी नाही. दुर्बीण निर्दोष होती. नवी घेतली असती आणि तशीच आवळली असती, तर तीही अशीच फिरली असती.

बसवताना घेतलेला निर्णय

इथे मतभेद आहेत, म्हणून माझं मत कारणासकट देतो. बरेच जण सांगतात की आधी बंदूक लेव्हल करा, मग तिच्याशी फुली गुण्यात आणा. मी फुली बंदुकीला लावली नाही, ओळंब्याला लावली, आणि तीही पुतणीने डोळे मिटून सोईने धरलेल्या बंदुकीवर.

तिची बंदूक सोईने धरली की जराशी डावीकडे कलते, दोनेक अंश. हे आरशाने बघितलं: भिंतीला आरसा, पाच मीटरवर रिकामी बंदूक, दुर्बिणीतून आरशातल्या स्वतःच्याच दुर्बिणीकडे बघायचं. उभी तार पुढच्या काचेच्या आणि नळीच्या तोंडाच्या दोन्ही मध्यांतून गेली तर फुली बंदुकीशी सरळ. ओळंब्याला फुली लावल्यावर आरशात तार नळीच्या मध्यातून किंचित बाजूने जात होती. या दोन अंशांची किंमत काय? नळी दुर्बिणीच्या बरोबर खाली न राहता ५० मिमीच्या दोन अंशांनी, म्हणजे १.७ मिमी बाजूला राहते. २५ मीटरला नेम बसवलेला असेल तर ५० मीटरला तेवढाच १.७ मिमी दुसरीकडे दिसतो, १० मीटरला एक मिमी. ३५ मिमीच्या ग्रुपमध्ये हे सापडणार नाही. आणि फुली ओळंब्यातून सुटली तर तिथेच २२ मिमी. मग कोणती चूक पत्करायची हे उघड आहे. शिवाय बंदूक जबरदस्तीने सरळ धरायला लावली, तर दहाव्या छऱ्याला मनगट कंटाळतं आणि ती पुन्हा मूळ कलावर येते. त्या वेळी फुलीही कलते.

एकाच अंतरावर मारणाऱ्याला हे सगळं जाणवत नाही. १० मीटरच्या स्पर्धेत अंतर बदलत नाही, कल दर वेळी सारखा असेल तर तो नेम बसवतानाच जिरून जातो. उभ्याने मारणारे काही चांगले नेमबाज बंदूक मुद्दाम कलती धरतात. अंतर बदललं की मात्र कल लपत नाही.

आवळायला दीड तास लागला. स्क्रू इतके सैल केले की दुर्बिणीची नळी दोन बोटांनी फिरेल. पुतणीने बंदूक धरली, मी नळी फिरवली, ती म्हणाली "बास". मग आलटून पालटून, समोरासमोरचे स्क्रू, एका वेळी पाव फेरा, ॲलन कीचा आखूड भाग बोटांत धरून म्हणजे जोर बेताचा राहतो. असे स्क्रू दीड ते सव्वादोन न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. लांब दांडा धरून आवळलं तर नळी चेपते. दोन्ही बाजूंच्या फटीत वहीच्या कागदाची पट्टी सारखीच सरकते का ते प्रत्येक फेऱ्याला बघितलं. पहिल्यांदा शेवटच्या पाव फेऱ्यात तार दोरीपासून केसभर हलली. पुतणी म्हणाली राहू द्या, एवढ्यानं काय होतंय. मी सगळे आठ स्क्रू पुन्हा सैल केले. दुसऱ्यांदा तार जराशी उलट्या अंगाला ठेवून आवळायला घेतली. शेवटच्या फेऱ्यात ती सरकली आणि दोरीवर येऊन थांबली.

एक तपासणी उरली होती. फुली सरळ झाली, पण वरची घुंडी फिरवल्यावर ती सरळच चढते का? काही दुर्बिणींत फुलीची तार आणि घुंडीची चाल यांच्यातच कोन असतो, आणि तो कड्या फिरवून निघत नाही. बंदूक पिशव्यांत घट्ट रुतवली, फुलीचा मध्य दोरीवर ठेवला आणि घुंडी साठ क्लिक फिरवली, २५ मीटरला जवळजवळ ११ सेंटीमीटरची चाल. मध्य दोरी सोडून गेला तो तारेच्या जाडीएवढाही नाही. शेवटी दुर्बिणीच्या नळीवर बसणारी छोटी लेव्हल लावली आणि तिचा बुडबुडा ओळंब्याशी जुळवून पक्का केला, म्हणजे रानात झाड नि दोरी नसतानाही कल कळेल.

त्यानंतर

२५ मीटरला नेम पुन्हा बसवला, आणि ५० मीटरला नवा फ्लेक्स, नवी रेघ, चौथ्या ठिपक्याच्या जरा खालून वीस छर्रे. पहिले पाच डावीकडे गेले, दीड ते दोन सेंटीमीटर. दादाने माझ्याकडे पाहिलं. माझ्याही पोटात गोळा आला. बुडबुडा बघितला, मधोमध. फटी बघितल्या, सारख्या. मग पुतणीला विचारलं, नेम कुठे धरतेस? ती ठिपक्याच्या डाव्या कडेला धरत होती. दोन महिने उजवीकडे जाणाऱ्या छऱ्यांशी भांडताना हाताने स्वतःच तोड काढली होती, आणि ती तिला ठाऊकही नव्हती.

"मधी धर," म्हटलं. उरलेल्या पंधरांची सरासरी तीन मिमी उजवीकडे आली. ग्रुप पूर्वीएवढाच, ३४ मिमी. फुली सरळ केल्याने ग्रुप लहान होत नाही, तो जागेवर येतो.

डावीकडे धरायची सवय जायला आणखी आठवडा लागला. त्या आठवड्यात लाईनदोरी लिंबालाच बांधून ठेवली. पुतणी रोज सकाळी मारायला बसण्याआधी एकदा तिच्यावर फुली धरून बघायची, मग कागदाची पट्टी दोन्ही फटींत घालून बघायची, आणि नंतरच पहिला छर्रा भरायची.